मागच्या बाकावरच्या साळवेसिस्टर

बहरीनच्या आमच्या मराठी मंडळीत साळवेसिस्टर चार वर्षं सगळ्यांत मागच्या बाकावर बसल्या. त्यांना तिथं कोणी बसवलं नव्हतं. उलट ‘सिस्टर, पुढं या’ म्हणून आम्ही दर शुक्रवारी विनवण्या करायचो आणि त्या दर शुक्रवारी ‘बरी आहे मी इथं’ म्हणायच्या. नव्यानं आलेल्याला वाटे, बाईंना पंख्याचा वारा सोसत नसेल. खरं कारण सांगायची कोणाची तयारी नव्हती. माझी तर मुळीच नव्हती, कारण त्या कारणाखाली माझी सही होती.

मंडळी म्हणजे तीस-पस्तीस माणसं. नगर, जालना, सोलापूरकडचे ख्रिस्ती लोक. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपांतले फिटर, अस्करकडून कंपनीच्या बसनं येणारे दोघं-तिघं, ड्रायव्हर, नर्सेस, आणि माझ्यासारखे टाय लावणारे एक-दोन पुणेकर. इंग्रजी चर्चनं मागचा हॉल शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन ते पाच आम्हाला दिला होता. आमच्या आधी मल्याळी, आमच्यानंतर तामिळ. मल्याळ्यांची उपासना कधी वेळेवर संपली नाही आणि तामिळ लोक कधी उशिरा आले नाहीत, त्यामुळे आमची भक्ती दोन्ही बाजूंनी आकसलेली. पगारी पाळक, म्हणजे धर्मगुरू, ठेवण्याची ऐपत नव्हती. पाच पंच कारभार बघायचे आणि मी त्यांचा सेक्रेटरी. ज्याचं अक्षर बरं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला सेक्रेटरी करतात.

साळवेसिस्टर राहुरीकडच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, लवकर विधवा झालेल्या. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या नर्स म्हणून आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीही पांढरीच साडी, फक्त काठ वेगळा. बोलणं कमी, आणि त्या कमीतलाही निम्मा भाग ‘मंग?’ या एका शब्दानं व्यापलेला. तुम्ही काहीतरी सांगावं, त्यांनी ‘मंग?’ म्हणावं आणि थांबावं. त्या थांबल्या की आपण सांगितलेल्यात काय काय राहिलंय ते आपल्यालाच दिसायला लागे. घरी माझी बायको विमल म्हणायची, ‘यांना कोर्टात नोकरी द्यायला हवी होती, इस्पितळात कशाला वाया घालवलं?’

त्यांच्या थिएटरातली एक गोष्ट त्यांच्याबरोबरच्या मल्याळी नर्सनं आम्हाला सांगितली होती. ऑपरेशन संपलं की पोट शिवण्याआधी कापसाच्या पट्ट्या मोजतात. आत गेलेल्या तितक्या बाहेर आल्या पाहिजेत. एकदा एक कमी भरली. सर्जन इंग्रज, वयानं मोठा, तापट. तो म्हणाला, मोजण्यात चूक झाली असेल, दोरा दे. सिस्टरांनी दोरा हातात घट्ट धरला आणि दिला नाही. तो ओरडला, पाय आपटले, नोकरी घालवीन म्हणाला. या मान खाली घालून उभ्या. शेवटी ती पट्टी सापडली साहेबाच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेली. सगळं थिएटर हसलं, साहेबही हसला. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं, ‘म्हणजे पोटात नव्हतीच की!’ त्या म्हणाल्या, ‘नव्हती. पण मला कसं ठाऊक असणार वो?’

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचं प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याची भाकर आणि द्राक्षरस सिस्टर करायच्या. भाकर म्हणजे बिनखमिराची जाड पोळी, तव्यावर नीट दोन्हीकडून भाजलेली. रसासाठी मनामाच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. नर्सांच्या होस्टेलात एवढी भांडी नसत, म्हणून हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात चाले. असाच एकदा फडका पिळता पिळता त्यांनी विमलला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील खेड्यातल्या मंडळीत उपदेशक होते. एकदा दारू पिऊन त्यांनी बायकोवर, म्हणजे सिस्टरांच्या आईवर, हात टाकला. जुन्या मिशनच्या मंडळ्यांमध्ये शिस्तीची रीत होती. ज्याच्याकडून मोठं पाप घडलं त्यानं मागच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजन घ्यायचं नाही, आणि पंचांना खात्री पटली की सगळ्यांपुढं उभं राहून आपल्या तोंडानं कबूल करायचं. वडील सहा महिने मागं बसले. मग एका रविवारी उठून म्हणाले, मी माझ्या बायकोला मारलं, तिचा दात पडला. ‘दाताचं सुद्धा सांगितलं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘मी सात वर्षांची होते. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण आई त्या दिवशी लई दिवसांनी नीट जेवली.’ विमलनं विचारलं, पुढं उपदेशक राहिले का? ‘न्हाई. शेती केली. सुखानं मेले.’

आता बोर्डेसरांबद्दल सांगायला हवं. ते मीना सलमानला एका गोदामात स्टोअरकीपर होते, पण मूळचे मास्तर, आणि आमच्या मंडळीचे सर्वेसर्वा. काय बोलायचे! बारा तासांची पाळी करून पेंगत बसलेला फिटर त्यांच्या प्रवचनाला ताठ होऊन बसे. माझ्या वडिलांचं निधन झाल्याची तार आली तेव्हा ते रात्रभर माझ्याजवळ बसून होते. ते मी विसरलो नाही, अजूनही विसरत नाही, आणि माझी सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

त्यांच्याकडं जुनी स्टेशन वॅगन होती. उपासनेनंतर ते बायकामुलींना घरोघर सोडत. त्यांत प्रमिला नावाची मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची, एका घरी मुलं सांभाळायला ठेवलेली. नोकरी बोर्डेसरांनीच लावून दिली होती. ते घर लांब रिफाला, म्हणून ती सगळ्यांत शेवटी उतरायची. एका शुक्रवारी तिनं सिस्टरांना विचारलं, ‘आज मी तुमच्याकडं राहू का?’ सिस्टरांनी काही न विचारता वरणभात वाढला. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी जेवता जेवता मुलगी बोलली. प्रार्थना करायची म्हणून सर वाटेत गाडी उभी करायचे आणि तिच्या अंगाला हात लावायचे. ती नको म्हणायची. महिनोन्‌महिने हे चाललं होतं. कोणाला सांगितलंस तर परत पाठवीन, असंही बजावलं होतं. तिच्या पगारावर गावाकडं तीन भावंडं शिकत होती.

सिस्टरांनी हे पंचांच्या कानावर घातलं आणि अमोलिक अंकलच्या घरी सभा भरली. अंकल आमच्यात वडीलधारे, साधे, कोणाचं वाईट न चिंतणारे. बायकांना सभेत जागा नव्हती. सिस्टर न बोलावता आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

‘सिस्टर, ही पंचांची सभा आहे,’ अंकल म्हणाले.

‘ठाऊक आहे मला. चहा प्यायला न्हाई आले.’

बोर्डेसरांनी नाकारलं नाही. मोह झाला, म्हणाले, आणि रडले. रडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांच्याबरोबर आम्हीही रडलो, मी तर सगळ्यांत जास्त. मग अंकलनी डोळे पुसून सांगितलं, की हा परमुलूख आहे. बाहेर कळलं तर हॉल जाईल, लोकांचे व्हिसा जातील, ख्रिस्ती नावाला काळिमा लागेल. पवित्र शास्त्रातलेही मोठमोठे लोक पडलेच की. ‘पडलेल्याला उचलायचं असतं, सिस्टर. दगड मारायचे नसतात.’

‘उचला ना,’ सिस्टर म्हणाल्या. ‘पण ज्या पोरीच्या अंगावर पडलाय, तिला आधी खालून काढा की.’

‘तुमचं म्हणणं काय आहे मग?’ मी विचारलं.

‘मंडळीपुढं उभं राहून त्यांनी सांगावं, मी हे केलं. पोरीचं नाव घ्यायचं न्हाई. आणि पुन्हा बायापोरींचं काही त्यांच्या हाती देऊ नये, कुठंच. मंग माफी. मी पहिली करीन माफ. पण आधी माफी आणि मंग खरं, असं कसं वो चालंल?’

अंकल म्हणाले, विचार करू. विचार त्या उठून गेल्यावर दहा मिनिटांत झाला. बोर्डेसर प्रकृतीच्या कारणास्तव सेवेतून निवृत्त होऊन मायदेशी जातील, असा ठराव मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिला. निरोपाला सामोसे होते, केक होता, शाल होती. आणि जाताना त्यांनी मागितलं म्हणून मंडळीच्या कागदावर प्रशस्तिपत्र. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे: ‘यांच्या हाती कोणतीही जबाबदारी निश्चिंतपणे सोपवावी.’ मला कोणी हे वाक्य सांगितलं नव्हतं. कागदावर जागा उरली होती आणि ते सुचलं. प्रमिलेला वातावरण निवळेपर्यंत न आलेलं बरं, हा निरोपही फोनवरून मीच दिला. ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे ज्यानं केलं त्याला केक आणि जिनं सोसलं तिला घरी बसा. तेव्हा हे असं सरळ दिसलं नाही. आम्हाला वाटलं, आपण शांतता राखली.

त्यानंतरच्या शुक्रवारी सिस्टर मागच्या बाकावर जाऊन बसल्या. महिन्याचा पहिला शुक्रवार होता. भाकर आणि रस त्यांनी नेहमीप्रमाणे करून आणला होता, मेजावर झाकून ठेवला होता. ताट फिरत मागं गेलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही काय पाप केलंय?’

‘मी कशाला करू?’ त्या म्हणाल्या. ‘पण कोणी बसलंच न्हाई तिथं. कोणीतरी बसाया पाहिजे.’

चार वर्षं. दर महिन्याला आम्ही त्यांच्या हातची भाकर खायची आणि त्यांनी खायची नाही. पहिल्यांदा लोक हळहळले, मग चिडले, मग सवय झाली. चर्चमधल्या कोणत्याही गोष्टीची लोकांना सवय होते, हा माझा तिथला सगळ्यांत मोठा धडा. कोणी म्हणे बाई हट्टी आहे, कोणी म्हणे थिएटरात राहून मन दगडाचं झालंय. त्या कोणाशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रमिलेला त्यांनी एका डॉक्टरीणबाईच्या घरी काम मिळवून दिलं. दीड-दोन वर्षांनी ती सोलापूरला लग्न करून गेली, पण आमच्या हॉलची पायरी परत चढली नाही. मंडळीत नवा उपदेशक आला, तोही बरा बोलायचा. मला त्याचं ऐकताना नेहमी झोप यायची. कंटाळा त्याचा नव्हता, माझाच मला आला होता.

त्र्याऐंशी साल असेल. एका भर दुपारी सिस्टर माझ्या ऑफिसात आल्या, पाळी संपवून तशाच, युनिफॉर्मवर. आठ-नऊ वर्षांत कधी आल्या नव्हत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘बोर्डेसर मराठवाड्यात मुलींच्या बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट झालेत. तुमचं पत्र त्यांनी हापिसात भिंतीवर लावलंय.’

सिस्टरांच्या मावसभावाचं पत्र आलं होतं. बोर्डिंग एका लहानशा संस्थेचं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली तिथं राहून शाळेत जायच्या. त्यांतल्या एकीनं अर्ध्या वर्षात शाळा सोडली होती आणि का, ते घरी सांगत नव्हती.

‘दुसरं पत्र लिहा,’ सिस्टर म्हणाल्या.

मी पंचांकडं गेलो. अंकल थकले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं. म्हणाले, ‘झालं गेलं खलास. आता उकरलंस तर लोक विचारतील, तेव्हा का नाही बोललात? काय सांगशील?’ प्रश्न बरोबर होता. मी घरी येऊन मसुदा केला आणि खणात ठेवला. तीन आठवडे तो खणातच होता. विमल एवढंच म्हणाली, ‘पहिलं लिहिताना तुम्हाला तीन आठवडे लागले नव्हते.’

मग कळलं की सिस्टरांनी नोकरीचा राजीनामा दिलाय आणि तिकीट काढलंय. विमानतळावर सोडायला मी गेलो. पाकीट हातात दिलं. त्यांनी तिथंच फोडलं, चष्मा लावला आणि सामानाच्या रांगेत उभ्या राहून वाचलं.

‘“काही अनुचित प्रकार” म्हणजे काय वो?’

‘सिस्टर, जरा सभ्य भाषेत लिहावं लागतं.’

‘पहिलंही सभ्य भाषेतच होतं की.’

मागचे लोक पुढं सरका म्हणत होते, कोणी ‘यल्ला, यल्ला’ करत होतं. मी बाजूच्या कट्ट्यावर कोरा कागद ठेवला आणि लिहिलं. त्या माणसानं काय केलं, कुठं केलं, किती दिवस केलं. त्यानं ते कबूल केल्यावरही आम्ही ते मंडळीपासून लपवलं, आणि प्रशस्तिपत्र मी लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं. सिस्टरांनी शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली. मला वाटलं, काही बरं बोलतील. ‘इथल्या मंडळीत कधी वाचणार?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येत्या शुक्रवारी. त्या आमच्या ख्रिस्ती रीतीनं ‘सलाम’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरी येऊन मी तेच पुन्हा लिहून काढलं आणि शुक्रवारी वाचलं. वाचायला पाच मिनिटं लागली. चार कुटुंबं उठून गेली, अंकल माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. हॉल गेला नाही. एकाचाही व्हिसा गेला नाही. ज्या भीतीपायी आम्ही एवढं सगळं केलं, ती नुसती आमच्या डोक्यात होती.

दीड महिन्यानं सिस्टरांचं पत्र आलं, पोस्टकार्डच. संस्थेच्या लोकांनी आधी ऐकलं नाही, मग दोन मुलींच्या आया पुढं आल्या, मग ऐकलं. बोर्डेसरांना काढलं, पोलिसांत कळवलं. शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी सिस्टर स्वतः गेल्या. त्यांनी लिहिलं होतं: ‘तिच्या आईनं मला विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? मी खरं ते सांगितलं, चार वर्षं. तिनं उठून चहा ठेवला. तो चहा मला जाईना.’ खाली सही. मला दोष देणारा एक शब्द नाही. दिला असता तर मी ते कार्ड एवढ्या वेळा वाचलं नसतं.

सिस्टर परत बहरीनला आल्या नाहीत. त्या बोर्डिंगला बाई हवी होती, म्हणून त्याच तिथं राहिल्या. पगार नावाला होता.

शहाऐंशीच्या सुट्टीत मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथं गेलो. मुलींसाठी चॉकलेटांचे डबे होते, सिस्टरांसाठी एक घोंगडीवजा जाड ब्लँकेट. उन्हाची वेळ होती. लोखंडी फाटकाशी उभा राहून हाक मारली तेव्हा त्या आतून आल्या. केस सगळे पांढरे झालेले, गुडघा धरून चालत होत्या. मला पाहून मनापासून हसल्या. विमलची चौकशी केली, मुलांची केली, अंकल गेल्याचं ऐकून ‘माणूस वाईट नव्हता वो,’ म्हणाल्या. मग, ‘थकले मी आता. साठ पोरी आहेत. रात्री उठून उठून बघावं लागतं.’

मी फाटकाला हात लावला. त्यांनी कडी काढली नाही.

‘आत पुरुष माणूस घेत न्हाई मी,’ त्या म्हणाल्या. ‘पाळक आला तरी इथंच उभा राहतो. संस्थेचा चेअरमन आला तरी.’

मी म्हटलं, ‘सिस्टर, मी आहे.’

‘तुम्ही आहात म्हणून तर सांगते,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ‘चांगल्या माणसांसाठी कडी काढत गेलं की कडी ठेवण्यात काय अर्थ हाय?’

त्यांनी डबे आणि ब्लँकेट फाटकावरून घेतलं आणि गुडघा धरत आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मी रस्त्यावर उभा राहून प्यायलो. चहा चांगला झाला होता, आलं घातलं होतं. रिकामा कप मी गजांतून त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात आतून कोणीतरी ‘बाई’ म्हणून हाक मारली, आणि त्या माझ्याकडं न बघता वळून आत गेल्या.